मदत हवी आहे: सोसायटीच्या एसटीपीत अमोनिया उतरतोय पण नायट्रेट आणि फॉस्फरस हटत नाही

नमस्कार मंडळी, आम्ही कांदिवलीला राहतो, सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आहे, एसबीआर टाइपचा, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने भरणं, हवा देणं आणि गाळ बसू देणं, ते पाणी फ्लशिंगला आणि बागेला जातं. महिनाभर बागेच्या टाकीत इतकं शेवाळ धरतंय की माळीकाका रोज जाळीने काढतायत, म्हणून लॅबमधून टेस्ट करून घेतली. अमोनिया नायट्रोजन आत येताना ३८, बाहेर २, तिथे छान. पण बाहेर नायट्रेट नायट्रोजन २६, आणि फॉस्फरस आत ६ तर बाहेर साडेपाच (सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर). पीएच ६.४ वर आलाय.

वाचलं त्यावरून नायट्रोसोमोनास जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट, दोघांना हवा लागते. पुढे नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे मात्र ऑक्सिजन नसेल तेव्हाच ते काम करतात आणि त्यांना सांडपाण्यातला कार्बन लागतो. आमचा ऑपरेटर टाकी भरायला लागली की लगेच ब्लोअर (हवा सोडायचं यंत्र) लावतो, मग तो कार्बन त्यांच्या वाट्याला येणार कसा? फॉस्फरसवाले अ‍ॅक्युम्युलिबॅक्टर तर अजून वेगळे, हवा नसताना फॉस्फेट सोडतात आणि खाणं साठवतात, हवा आली की सोडलं त्याहून जास्त ओढून घेतात. मला तर हे वाचून फार भारी वाटलं.

एक जण दरमहा जिवाणूंची पावडर टाका म्हणतोय, बरीच महाग आहे. घ्यावी का?

प्रतिसाद:
दादा, पावडर राहू द्या, जिवाणू गाळात असतातच, त्यांना तशी परिस्थिती मिळत नाहीये. भरताना ब्लोअर बंद, फक्त मिक्सर चालू ठेवा. आधी उरलेलं नायट्रेट संपेल, त्यानंतरच फॉस्फरसवाल्यांची पाळी, नायट्रेट शिल्लक असेल तर खाणं नायट्रेटचा वायू करणारेच पळवतात. अमोनियाचं नायट्रेट होताना खर्च झालेली निम्मी अल्कलिनिटी (आम्ल झेलायची पाण्याची ताकद) डीनायट्रिफिकेशनमध्ये, म्हणजे नायट्रेटचा वायू होताना, परत मिळते, त्यामुळे पीएचही सावरेल. आणि मुख्य म्हणजे स्लज (गाळ) शेवटचा कधी काढला? नायट्रोजन हवेत जातो, फॉस्फरस जात नाही, तो गाळातूनच बाहेर काढावा लागतो.

धागाकर्ता:
ताई, आत्ताच ऑपरेटरला विचारलं, अडीच महिने काढलेलाच नाही! सगळा एकदम काढू का?

प्रतिसाद:
अजिबात नको, नायट्रिफायर (अमोनियाचं नायट्रेट करणारे) फार हळू वाढतात, ते धुऊन निघाले तर अमोनिया परत चढेल. रोज थोडा थोडा काढा, आणि पंधरा दिवसांनी तेच चारही आकडे इथे टाका.