तुर्भ्याच्या गोदामाला एसक्यूलाइट पुरेल का?

तुर्भे_आवकजावक: वाशी-तुर्भ्याच्या गोदामांसाठी काटापावतीची सॉफ्टवेअर बनवणारे सर्रास एसक्यूलाइट (सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस) घालतात. हे थांबायला हवं. तीन काउंटरवर एकदम पावती फाडली की ‘डेटाबेस इज लॉक्ड’ ही एरर. कॉलमचा प्रकार बदलायला गेलं की ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलायची आज्ञा) हात वर करतं. यूजर नाहीत, परवानग्या नाहीत. ज्याच्या हाती फाइल, त्याच्या हाती सगळा हिशेब. पोस्टग्रेस हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस फुकट मिळतो, मग हा अट्टहास कशासाठी?

वागळे_बॅकएंड: लॉकचं खापर भलत्याच्या डोक्यावर फोडताय. एका वेळी एकच जण लिहू शकतो हे खरं, पण एक पावती लिहायला वेळ तो किती लागतो! एरर येते कारण बिझी टाइमआउट (फाइल मोकळी होईपर्यंत थांबायची मुदत) मुळात शून्य असतो. दर कनेक्शन उघडताना ‘प्राग्मा बिझी_टाइमआउट = ५०००’ ही सेटिंग (५००० म्हणजे पाच सेकंद) द्या, फाइलवर एकदाच ‘प्राग्मा जर्नल_मोड = वॉल’ (नव्या नोंदी आधी वेगळ्या वॉल फाइलीत जातात).

तरीही एरर येत असेल तर कोड तपासा. साधं बिगिन (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पुरा होणारा कामांचा गट, सुरू), मग सिलेक्ट (वाचणं), मग अपडेट (बदलणं) असा क्रम सापडेल. सिलेक्टनंतर दुसऱ्याने लिहिलं की तुमचा स्नॅपशॉट (वाचलेल्या क्षणीचं डेटाचं चित्र) शिळा होतो आणि टाइमआउट कितीही असला तरी बिझी ही एरर तत्काळ परत येते. लिहायचंच असेल तिथे सुरुवातच बिगिन इमिजिएटने करा, ते लिहायचा हक्क आधीच घेतं. आणि प्रिंटरची वाट बघत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवू नका.

तुर्भे_आवकजावक: तीन काउंटर म्हणजे तीन कॉम्प्युटर, फाइल शेअर्ड फोल्डरवर. तिथे वॉल चालतं का?

वागळे_बॅकएंड: नाही. वॉलला सामायिक मेमरी लागते, त्यामुळे सगळ्या प्रोसेस एकाच मशीनवर हव्यात. मुळात नेटवर्क फोल्डरवर एसक्यूलाइटची फाइल ठेवूच नये. लॉकिंग दगा देतं आणि फाइल करप्ट होते. एका मशीनवर छोटी सर्व्हिस ठेवा, काउंटर तिच्याशी बोलतील.

तुर्भे_आवकजावक: म्हणजे सर्व्हर बसवलाच की! मग पोस्टग्रेसनेच काय घोडं मारलंय?

ऐरोली_क्वेरी: तुम्ही दोघं लॉकवरच अडकलात. खरी उणीव कॉलमच्या प्रकारांची आहे. डेसिमल (१०,२), म्हणजे दोन दशांश स्थळं, लिहिलं तरी आत साधा फ्लोटच (अंदाजे साठवलेला दशांश) बसतो, आणि ०.१ + ०.२ = ०.३ ही तुलना खोटी ठरते. त्याच कॉलममध्ये ‘अडीच’ हा शब्द घातला तर तोही निमूट साठवला जातो. २०२१ च्या ३.३७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट टेबल (प्रकार सक्तीने पाळणारं) आहे, पण ते डेसिमल हा प्रकारच नाकारतं. रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये, पूर्णांकात ठेवणं हाच मार्ग.

दुसरं, मराठी अकारविल्हे. एसक्यूलाइट बाइटच्या क्रमाने लावतो, म्हणून ‘कळवा’ आधी आणि ‘कसारा’ नंतर. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणजे क्रम उलटा हवा. स्वतःचं कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) नोंदवता येतं. मात्र त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) केला की ते कोलेशन नसलेल्या टूलमधून त्या कॉलमवरच्या क्वेरी एरर देतात. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या भाषांसाठीच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन तयार मिळतं.

वागळे_बॅकएंड: कोलेशनचं मान्य. ऑल्टरचं मात्र अर्धंच खरं आहे. ड्रॉप कॉलम (कॉलम काढून टाकणं) २०२१ मध्ये आलं. प्रकार बदलायचा तर आधी फॉरेन की (टेबलांमधले संदर्भ जपणारा नियम) बंद करा (ट्रान्झॅक्शनच्या आत तो प्राग्मा लागू होत नाही), मग बिगिन, नव्या नावाचं टेबल, इन्सर्ट-सिलेक्ट, जुनं ड्रॉप, नव्याला जुनं नाव, इंडेक्स आणि ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा कोड) पुन्हा, फॉरेन की चेक, कमिट (बदल पक्के). जुन्याचं नाव आधी बदलू नका, बाकीच्या टेबलांचे संदर्भ त्याच्यामागे जातात. बॅकअपला ‘व्हॅक्यूम इंटू’ (डेटाबेसची पूर्ण प्रत नव्या फाइलीत काढणारी आज्ञा) वापरा. चालू असताना नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर वॉलमधल्या नोंदी राहून जातात.

तुर्भे_आवकजावक: परवानग्यांचं काय?

वागळे_बॅकएंड: सर्व्हिसला ऑपरेटिंग सिस्टिमचा वेगळा यूजर द्या, फाइल वाचायचा हक्क फक्त त्यालाच. पावती कोणी रद्द केली ही नोंद ॲपने ठेवायची. हिशेबनीस आणि मालक थेट डेटाबेसवर क्वेरी चालवणार असतील, प्रत्येकाला वेगळे हक्क हवे असतील, तर पोस्टग्रेसच घ्या.