आई-बाबांना घेऊन राहण्यासारखं डोंगरातलं शांत गाव सुचवा

सुप्रिया_ठाणे
दिवाळीनंतर आई-बाबांसोबत तीन-चार दिवस डोंगरात राहायचंय. महाबळेश्वर, माथेरान नको, पॉइंट मोजत फिरणंही नको. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणजे ट्रेक बाद. गावात कुणाच्या घरी सोय झाली तर उत्तम. स्वतःची गाडी आहे. रात्री डीजे मात्र अजिबात नको.

घाटवाट
भंडारदरा परिसर. पण शेंडी गावात किंवा पाण्याकाठच्या तंबूत राहू नका, शनिवारी तिथे डीजे हमखास. सरळ रतनवाडीला जा. जलाशयाच्या कडेकडेने रस्ता थेट गावात पोचतो. अमृतेश्वराचं देऊळ गावातच आहे. बाबांना तिथवर जायला कसली चढण नाही. देवळाइतकीच जवळची पुष्करणी बघा. आतल्या भिंतींत ओळीने देवकोष्ठं, म्हणजे देवांचे कोनाडे आहेत आणि त्यांत मूर्ती. आम्ही काठावर बसलो होतो, खाली बायका धुणं आपटत होत्या आणि मागे रतनगड. यापलीकडे काही 'बघायचं' नव्हतं, गरजही वाटली नाही.

कडेलोट
साम्रदला राहा, सांदण दरी होईल.

घाटवाट
अहो, गुडघे! सांदणात सगळा दगडधोंड्यांतून उतार आहे. त्यापेक्षा घाटघरचा कोकणकडा बरा, गाडी बरीच जवळ जाते.

अकोलेकर
आमच्या अकोले तालुक्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. काजव्यांच्या दिवसांत, मे-जूनला, येऊ नका. गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसत नाहीत. नोव्हेंबर चांगला: भाताची काढणी, झोडणी चालू असते, थंडी पडायला लागते. पुरुषवाडीचाही विचार करा. तिथे घरांत पाहुणे ठेवायची पद्धत चांगली बसलीय.

फोनवर आधी कमोड आहे का ते स्पष्ट विचारा, संकोच नको. रोख पैसे ठेवा, पेट्रोल घोटीलाच भरा, रेंजच्या भरवशावर राहू नका. जेवण आधी सांगितलं तरच होतं. ते हॉटेल नाही, त्या घरची बाई दिवसभर शेतात असते. नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं मागा, पनीर मागू नका. काळभात हा इथला गावठी तांदूळ, मिळाला तर सोडू नका. ज्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, त्या बीजमाता राहीबाई पोपेरेंचं कोंभाळणे याच तालुक्यात आहे, त्यांनी असलीच गावठी वाणं जपलीत.

आणि शनिवार-रविवार टाळा. आमच्या म्हाताऱ्यांनाही झोप लागत नाही त्या स्पीकरमुळे.

सुप्रिया_ठाणे
मंगळवार ते शुक्रवार, रतनवाडी. आई कांदा-लसूण खात नाही, घरी करून देतील का?

अकोलेकर
देतील, ताई. आदल्या दिवशी सांगा. तिखट कमी हवं असेल तर दोनदा सांगा.