मदत हवी आहे: गोव्यात राहून फक्त वाजवण्यावर घर चालतं का?

लयवेडा
सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, म्हणून थेट विचारतो. मुंबई-पुण्याला न जाता, गोव्यातच राहून निव्वळ वाजवण्यावर घर चालवणारं इथे कोणी आहे का? महिन्याला साधारण काय हातात येतं आणि पावसाळ्यात काय करता, एवढंच सांगा. 'मनाचं ऐक' हे सगळ्यांनी सांगून झालंय. घरी जेवतानाही हाच विषय असतो.

मांडवीकाठ
काय वाजवता? गिटार असेल तर कळंगुट-बागाच्या बाजूचा हिशेब वेगळा, पखवाज असेल तर वेगळा. वय, शिक्षण? आणि सोमवारी उत्तर कोणाला द्यायचंय?

सूरमाड
काहीही वाजवत असा, कीबोर्ड शिकून घ्या. हॉटेलं, लग्नं, सगळीकडे मागणी आहे. तियात्राला, म्हणजे कोंकणीतल्या गाण्यांच्या नाटकाला, तर प्रत्यक्ष वाजवणारे लागतात. ट्रम्पेट, बेस, ड्रम्स, कीबोर्ड. आपली मराठी मुलं तिकडे फिरकत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑक्टोबर ते मे मला उसंत नसते. उघड्यावरचे कार्यक्रम मात्र रात्री दहाला आटपावे लागतात.

लयवेडा
तबला. विशारद झालोय, बीकॉमही. सरकारी खात्यात कारकुनाची जागा मिळालीय, सोमवार ही रुजू व्हायची शेवटची तारीख. कीबोर्डचं मी विचारलं नव्हतं.

सांखळीकर
हे आधी सांगायचं ना! बाबा रे, रुजू हो. गोव्यात सरकारी नोकरीसाठी माणसं वर्षानुवर्षं रांगेत असतात. शनिवार-रविवार सुटी, संध्याकाळी सहाला घरी. जत्रेतली नाटकं रात्रीच होतात. मी नोकरी सांभाळून आयुष्यभर पेटी वाजवली, काही अडलं नाही.

फोंड्याचा_ठेका
सांखळीकर बाब, मान राखून सांगतो, मला हे पटत नाही. नोकरी करून हात चालू राहतो, पण तयारी राहत नाही. रात्री नाटकाला ठेका धरणं वेगळं आणि मैफलीत ख्यालाला साथ करणं वेगळं.

लयवेडा, मी पूर्णवेळ तबलाच वाजवतो. काम आहे, पण वर्षभर सारखं नाही. श्रावणात भजनी सप्ताह, मग चतुर्थी, कार्तिकापासून जत्रा आणि त्यातली संगीत नाटकं. बाहेरगावच्या मंडळींना तबलजी हवाच असतो. ज्येष्ठ-आषाढ कोरडे, पितृपक्षातही शांतता. घर चालतं शिकवणीवर. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांमुळे मुलं टिकतात, प्रारंभिकला आलेला मुलगा मध्यमापर्यंत तरी राहतो. पालक महिन्याच्या महिन्याला फी देतात, आयोजक देत नाहीत. बिदागी कधी तीन महिन्यांनी येते. म्हणून बिदागी वरची धरायची, घरखर्चात मोजायचीच नाही. आकाशवाणीची श्रवण चाचणी, म्हणजे ऑडिशन, दिलीस का? श्रेणी मिळाली की आयोजकांशी मानधनाचं बोलणं सोपं जातं.

सांखळीकर
तयारी गेली म्हणजे काय? बिदागीची चिंता नसलेला माणूस जास्त मोकळा वाजवतो.

घुमटनाद
तबल्यावर एवढं बोलताय म्हणून सांगतो, २०१९ मध्ये घुमट, आपलं मातीच्या घटाचं तालवाद्य, राज्याचं वारसा वाद्य झालं. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी, आता बकरीचं वापरतात. शिकवणारे कमी आहेत, तबलजींनी हे शिकून घ्यावं.

फोंड्याचा_ठेका
बकरीच्या कातड्याला तो नाद नाही. पण यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.

हिशेबनीस
शास्त्रीय किंवा लोकसंगीताच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर कलाकाराला त्यावर जीएसटी नाही. आयोजकाने टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरून परत मागा. बरेच कलाकार हे पैसे सोडून देतात.

मांडवीकाठ
लयवेडा, घरात विरोध कोणाचा? दरमहा किती द्यावे लागतात?

लयवेडा
बाबांचा. ते स्वतः देवळात पखवाज वाजवतात, कला अकादमीच्या भजन स्पर्धेत त्यांच्या मंडळाला बक्षीस मिळालंय. म्हणूनच जास्त लागतं. म्हणतात, वाजवायला कोण अडवतंय, पण पोटासाठी वाजवू नको. घराचं कर्ज आहे आणि ते लवकरच निवृत्त होतील.

केरीची_माय
पुता, बाबांवर रागावू नको. आमच्या केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे अभिषेकीबुवा, एवढी मोठी गाणारी माणसं, सगळ्यांना गोवा सोडून बाहेरच जम बसवावा लागला. इथे कलेला मान होता, पोट बाहेर होतं. बाबांच्या पिढीने हे पाहिलंय. तू इथेच राहायचं म्हणतोस, तर त्यांना भीती वाटणारच. त्यांना आकडे दाखव. बाकी बोलण्याने त्यांची झोप परत येणार नाही.

फोंड्याचा_ठेका
मायचं बरोबर आहे. सोमवारीच हो किंवा नाही म्हणायला हवं असं नाही. रुजू व्हायला मुदतवाढ मागता येते, लेखी अर्ज कर. देतीलच असं नाही, पण मागायला हरकत नाही. मिळाली तर तेवढ्यात शिकवणीला किती मुलं जमतात ते बघ. घरी द्यायची रक्कम नुसत्या फीमधून निघत असेल तर नोकरी सोड. नसेल तर रुजू हो आणि श्रवण चाचणी दे.

लयवेडा
हे कोणी आधी सांगितलंच नव्हतं. अर्ज कोणाच्या नावे करायचा?

सांखळीकर
नेमणुकीच्या पत्रावर ज्या अधिकाऱ्याची सही आहे, त्याच्या नावे. कारण स्पष्ट लिही. ऑफिसच्या आवक विभागात स्वतः जाऊन दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख घे. उद्याच जा, शनिवारी ऑफिस बंद.

मांडवीकाठ
आणि आत्ता तुझ्याकडे विद्यार्थी किती आहेत? ते अजून सांगितलं नाहीस.