जिताड्याची पिल्ले मेलेली दिसत नाहीत, पण मोजणीत कमी भरतात : खाद्यात चूक असेल का?

खारेपाटातील तळेवाला
नमस्कार. अलिबाग तालुक्यात खाडीलगत आमचे निमखाऱ्या पाण्याचे तळे आहे. यंदा प्रथमच हॅचरीतून (मत्स्यबीज केंद्रातून) जिताडा या खाडीतल्या मांसाहारी माशाचे सुमारे २ सेंमी लांबीचे ३००० बीज (लहान पिल्ले) आणले आणि ते थेट तळ्यात न सोडता २ मीटर लांब, १ मीटर रुंद व १ मीटर खोल अशा चार हाप्यांत (तळ्यात टांगलेल्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यांत) प्रत्येकी ७५० या प्रमाणे ठेवले. पाण्याची क्षारता १२ पीपीटी (लिटरमागे सुमारे १२ ग्रॅम क्षार) असून सकाळचे तापमान २८ ते २९ अंश असते. खाद्य म्हणून बाजारातील स्वस्त मासळी बारीक चिरून सकाळी आणि संध्याकाळी घालतो. चौदाव्या दिवशी एक हापा उचलून मोजणी केली, तेव्हा त्यात ४१० पिल्ले भरली. या काळात त्या हाप्यातून मेलेली म्हणून मी ३१ पिल्लेच काढली होती. जाळे कोठेही फाटलेले नाही आणि वरून जाळी असल्याने बगळ्यांचाही प्रश्न नाही. उरलेली पिल्ले गेली कोठे? समुद्री माशांच्या पिल्लांना काही विशिष्ट स्निग्धाम्ले लागतात असे ऐकले आहे. त्यांच्या अभावाने असे होते का?

हॅचरीतील तंत्रज्ञ
आपली पिल्ले बहुधा आपल्याच मोठ्या पिल्लांच्या पोटात गेली आहेत. मृत मासे न सापडता संख्या घटणे हे जिताड्याच्या बाबतीत स्वजातिभक्षणाचे (आपल्याच जातीची पिल्ले खाण्याचे) अगदी ठळक लक्षण आहे. ही सवय पिल्लू साधारण १ सेंमीचे होताच दिसू लागते आणि १५ सेंमीच्या पुढे बरीच ओसरते. जिताडा आपल्या लांबीच्या सुमारे ६० टक्के लांबीचा भाऊबंद गिळू शकतो, म्हणजे ४ सेंमीच्या पिल्लाला २.४ सेंमीचे पिल्लू सहज पुरते. एकदा असे भक्ष्य मिळाले की ते पिल्लू अधिक वेगाने वाढते आणि हाप्यातील तफावत दिवसागणिक रुंदावत जाते. त्यामुळे या वयात दर तीन ते पाच दिवसांनी आकारानुसार प्रतवारी करणे टाळता येत नाही, मग खाद्य कितीही उत्तम असो. प्रतवारी भल्या पहाटे, पिल्ले उपाशी असताना आणि वातन (पाण्यात हवा सोडणे) चालू ठेवून करावी, कारण पोट भरलेले पिल्लू हाताळणी सोसत नाही.

मात्र एक गोष्ट आधी पाहावी. काही पिल्ले काळपट पडून पृष्ठभागावर गिरक्या घेत असतील, तर मज्जासंस्थेला बाधणाऱ्या विषाणूची शंका घेऊन नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत. तसे काही नसेल, तर आजच प्रतवारी करावी.

मत्स्यपोषणाची अभ्यासक
वरील निदान मला पटते, परंतु खाद्याला इतक्या लवकर निर्दोष ठरवू नये, कारण आकारातील तफावत खाद्य देण्याच्या पद्धतीतूनच वाढते. दिवसातून दोनदा खाद्य पडले की धीट पिल्ले आधी खातात, मागे राहिलेली उपाशी राहतात, आणि मधल्या दहा-बारा तासांत भुकेल्या मोठ्यांपुढे हीच लहानगी असतात. या आकाराला दिवसाउजेडी पाच ते सहा वेळा, थोडे थोडे आणि सर्व हाप्यात पसरेल असे खाद्य द्यावे.

आपण विचारलेली स्निग्धाम्ले, विशेषतः डीएचए हे ओमेगा-३ गटातील स्निग्धाम्ल, खरोखर महत्त्वाची आहेत. डोळ्याचा पडदा आणि मेंदू घडण्यासाठी ती लागतात, आणि समुद्री मासे ती वनस्पतिजन्य तेलांपासून पुरेशी तयार करू शकत नाहीत. हॅचरीत तिसऱ्या दिवसापासून रोटिफर आणि पुढे आर्टेमिया हे सूक्ष्म जिवंत जलजीव खाद्य म्हणून देतात, पण या दोहोंत डीएचए मुळात कमी असल्याने ते देण्यापूर्वी काही तास शैवाल किंवा तेलाच्या पायसात (पाण्यात तेल घुसळून केलेल्या दुधाळ मिश्रणात) ठेवून समृद्ध करावे लागतात. तेथे हयगय झालेली असेल तर दुबळे बीज आपल्यापर्यंत येते, आणि ती उणीव नंतर पूर्ण भरून निघत नाही. आपल्या हाप्यातील अडचण निराळी आहे : चिरलेल्या मासळीत जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असते, तिचे तुकडे असमान पडतात, आणि तारलीच्या कुळातील काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते, जे शिजवल्यावरच निष्क्रिय होते. त्याऐवजी ४५ ते ५० टक्के प्रथिने असलेले, सावकाश बुडणारे दाणेदार खाद्य घ्यावे. दाणा २ सेंमीच्या पिल्लासाठी सुमारे अर्धा ते पाऊण मिलिमीटर असावा. जिताडा पडता दाणा टिपतो, तळाशी गेलेला सहसा उचलत नाही, म्हणून एकदम ओतलेले खाद्य वाया जाऊन पाणीही बिघडवते.

खारेपाटातील तळेवाला
आपणा दोघांचे मनापासून आभार. काळपट किंवा गिरक्या घेणारे पिल्लू एकही दिसले नाही. आज पहाटे त्याच हाप्याची प्रतवारी केली, तेव्हा ४१० पैकी ३७ पिल्ले साडेचार सेंमीच्या वर निघाली आणि बाकीची बहुतेक अडीचच्या आसपासच होती. न सापडलेली ३०९ या ३७ जणांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ येतात. चौदा दिवसांत हे अशक्य वाटत नाही. आमच्या वाडवडिलांच्या तळ्यात मात्र खाडीतून आणलेली पिल्ले प्रतवारीविना वाढत, हे कोडे उरतेच. शिवाय मासळीची सवय लागलेली पिल्ले दाणा घेतील का?

गोव्यातील चोणकपालक (चोणक म्हणजे जिताडाच)
त्या तळ्यांत पिल्ले मोजकी असत, जागा मोठी असे आणि करंदी (बारीक कोळंबी) व बारीक मासे जिवंत स्वरूपात भरपूर मिळत. आपल्या हाप्यात घनमीटरला ३७५ पिल्ले सोडली होती, त्यामुळे ती तुलना येथे लागू होत नाही. दाण्याची सवय लागते, पण घाई करू नये. मी मासळी उकडून वाटतो आणि तिच्यात खाद्याची भुकटी मिसळतो. पहिल्या दिवशी भुकटी एक चतुर्थांश असते, ती रोज वाढवत नेतो आणि साधारण आठवडाभरात मासळी पूर्ण बंद करतो. सकाळचे पहिले खाद्य नेहमी दाण्याचेच असावे, कारण भूक तेव्हा सर्वाधिक असते. ठरलेल्या जागी, बांबूवर हलकी टकटक करून खाद्य टाकावे, चार-पाच दिवसांत पिल्ले आवाजाला वर येऊ लागतात. जी सात-आठ दिवसांनंतरही दाणा घेत नाहीत, ती वेगळ्या हाप्यात ठेवावीत. आणि त्या ३७ जणांना उरलेल्या तीन हाप्यांतील मोठ्या पिल्लांसोबत एकत्र ठेवा, पण त्या तीन हाप्यांची प्रतवारी उद्यावर टाकू नका.