मुधोळ कुत्री : पळत्या शेळ्या दिसल्या की शिट्टी ऐकत नाही, मदत हवी आहे

बेळगावजवळच्या कडोली गावापाशी शेतावर दीड वर्षाची मुधोळ कुत्री आहे. अंगणात, मोकळ्या वावरात शिट्टी वाजली की धावत येते. शेळ्या किंवा ससा पळताना दिसला की मात्र मान ताठ, शेपूट स्थिर, आणि पुढच्या क्षणी सुटते. ही जात नजरेने शिकार करणारी, त्यामुळे याला हट्ट म्हणता येणार नाही. पळणं हेच तिचं बक्षीस, त्यापुढे खाऊला किंमत राहत नाही.

10 मीटरची दोरी छातीच्या पट्ट्याला बांधते (गळ्याला बांधली तर मानेला जोराचा हिसका बसतो). शिट्टीवर वळून बघितलं की लगेच उकडलेली कलेजी. शेळ्या शांत चरत असतील तर 30 पावलांवरही जमतं. पळू लागल्या की 80 पावलांवरही नाही. म्हणजे अडचण अंतराची नाही, हालचालीची आहे. काठीला दोरीने चिंधी बांधून तिच्यामागे पळू देणं हे बक्षीस तिला कलेजीपेक्षा आवडतं, पण नंतर बराच वेळ ती धापत, भिरभिरत राहते.

मारणं, शॉकचा पट्टा नको. नसबंदी झालीय, कान तपासलेत. घरात मराठी, गडी कन्नड बोलतात, म्हणून खूण शिट्टीचीच. ऊस तुटला की आडोसा जाईल आणि रानात मेंढ्या बसतील, त्याआधी हे जमायला हवं.

ज्यांनी मुधोळ किंवा कारवान (तशीच शिकारी कुत्री) शिकवलीय त्यांना विचारते: चिंधीचं बक्षीस शेळ्या समोर असतानाच द्यावं, की आधी पळत्या चिंधीवरच शिट्टीला थांबणं पक्कं करून मग शेळ्यांकडे न्यावं?