सेल्फ टेस्ट किट घेताना नाव-पत्ता कशाला? (जानेवारी 2022)

कोथरूडकर
मुंबई महापालिकेने घरगुती कोविड किटच्या विक्रीची नोंद ठेवायला सांगितल्यापासून इथेही काही मेडिकलवाले नाव, पत्ता, मोबाइल मागायला लागले आहेत. माझं म्हणणं आहे, हे थांबलं पाहिजे. मे 2021 मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) कोविसेल्फ या पहिल्या घरगुती किटला मान्यता दिली ती माणसाला घरातच कळावं म्हणून. आपल्या पुण्याच्याच मायलॅबचं किट, 250 रुपये, पंधरा मिनिटांत निकाल. पण 2020 साली रुग्णांच्या दारावर लागलेले क्वारंटाइनचे स्टिकर लोक विसरलेले नाहीत. परवा आमच्या गल्लीतल्या दुकानात एक बाई पैसे हातात घेऊन उभ्या होत्या. नंबर मागितल्याबरोबर "राहू द्या, क्रोसिनच द्या" म्हणाल्या आणि गेल्या. थर्मामीटर घेताना कोणी पत्ता विचारतं का?

भांडुपचा मेडिकलवाला
दादा, जरा काउंटरच्या आतून बघा. 7 जानेवारीला एकट्या मुंबईत 20,971 रुग्ण निघाले. कोणी एकदम दहा किट मागितली, तर ती घरच्यांसाठी की चढ्या भावाने विकायला, हे मला कसं कळणार? निकाल किटच्या मोबाइल अ‍ॅपवर टाकला तर तो आयसीएमआरपर्यंत जातो, पण टाकतं कोण? पट्टी कचऱ्यात जाते, पेशंट कामावर जातो. वॉर्डच्या वॉर रूमने (पालिकेच्या कोविड नियंत्रण कक्षाने) बेडचा अंदाज कशावरून बांधायचा?

कोथरूडकर
किट घेतलं म्हणजे पॉझिटिव्ह झाला असं नव्हे. आणून कपाटात ठेवणारे कितीतरी आहेत. त्या यादीवरून वॉर रूमला काय कळणार? साठेबाजी रोखायची तर एका बिलावर चार किटची मर्यादा घाला, मी पाठिंबा देतो.

लॅबवाली ताई
नोंदीवरून भांडताय, पण आमच्याकडे रोज दिसते ती अडचण वेगळीच आहे. ताप, घसादुखी असताना किट निगेटिव्ह आलं की लोक निर्धास्त होतात. आयसीएमआरने स्पष्ट सांगितलंय: किट पॉझिटिव्ह आलं तर ते खरं धरा, पुन्हा टेस्ट नको, लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटीपीसीआर, म्हणजे लॅबमधली टेस्ट, करा. सरकारी दर आता लॅबमध्ये 350 आहे, घरी बोलावलं तर 700. शिवाय स्वॅब नाकाच्या टोकाला टेकवून काढून घेतात. दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटिमीटर आत, पाच-पाच वेळा फिरवायचा असतो. किटवरच्या 'टी' (टेस्ट) या अक्षरासमोरची रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच. आणि वीस मिनिटांनंतर दिसलेली रेघ धरायची नाही, दुसऱ्या दिवशी फोटो पाठवून काय उपयोग? हे सगळं दुकानदाराने दोन मिनिटं सांगितलं तर वहीपेक्षा जास्त कामाला येईल.

एडिसन, न्यू जर्सी
इथे डिसेंबरात दुकानांतले रॅक रिकामे होते. या आठवड्यापासून सरकार घरटी चार किट पोस्टाने फुकट पाठवतंय. पत्ता द्यावा लागतो, पण तो पार्सलपुरता. निकाल कळवायची सक्ती नाही. त्यामुळे घरी पॉझिटिव्ह आलेले बरेच जण मोजणीत येत नाहीत, हे खरं आहे. तरी माझं मत, लोकांच्या हातात किट असणं महत्त्वाचं. आजी-आजोबांना भेटायला जाण्याआधी आम्ही मुलांची टेस्ट करून घेतो.

डोंबिवलीची सून
मी नाव, नंबर सगळं दिलं, आनंदाने दिलं. सासूबाईंचं वय 78, त्यात मधुमेह. त्यांचा निकाल अ‍ॅपवर टाकल्यावर फोन आला, ऑक्सिजन किती आहे विचारलं, कोणत्या आकड्याखाली गेलं तर हलवायचं ते सांगितलं. तो फोन आला नसता तर मी रात्रभर गूगल करत बसले असते. लपवून काय मिळतं लोकांना?

कोथरूडकर
वहिनी, तो फोन तुम्ही निकाल कळवलात म्हणून आला, दुकानातल्या वहीमुळे नाही. मी तेच म्हणतोय: निकाल कळवणं सोपं करा, अ‍ॅप जमत नसेल त्याला साध्या फोनवर कळवता यावं. किट मात्र मागेल त्याला द्या. हातावर पोट असलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणजे सात दिवसांची मजुरी बुडणं. त्याच्याकडे नंबर मागितलात तर तो टेस्टच करणार नाही, आणि तसाच लोकलमध्ये चढेल.

भांडुपचा मेडिकलवाला
मजुरीचं पटलं. ताईंनी सांगितलेली स्वॅबची पद्धत उद्यापासून प्रत्येकाला सांगेन. पण बिलावर नाव घालणं मी सोडणार नाही. तपासणीला इन्स्पेक्टर आला तर लायसन्स माझं अडकतं, तुमचं नाही.