कणभौतिकी शिकवताना आधी काय दाखवायचं: क्लाउड चेंबर की फासे?

तापीकाठ: जळगाव-धुळ्याच्या विज्ञान प्रदर्शनांत कणभौतिकी म्हणजे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या 27 किलोमीटर बोगद्याचा फोटो आणि ‘देवकण’ (हिग्ज बोसॉन). हा शब्द आधी बंद करा. प्रश्न सगळे देवाकडे वळतात. त्यापेक्षा क्लाउड चेंबर लावा, म्हणजे अल्कोहोलच्या वाफेत कणांच्या वाटेच्या रेघा दाखवणारी टाकी. छोट्या काचेच्या टाकीच्या तळाला आतून फेल्ट चिकटवायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायचं, टाकी काळ्या पत्र्यावर पालथी घालायची आणि पत्र्याखाली ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड). कडा नीट बंद करा. हवा शिरली की आत भोवरे उठतात आणि रेघा मोडतात. अल्कोहोल 99 टक्क्यांचंच हवं, मेडिकलमधलं 70 टक्क्यांचं नको. टॉर्च पत्र्यालगत आडवा धरा. दहा-पंधरा मिनिटांत रेघा दिसू लागतात.

सातपुड्याचा: दादा, धडगाव-अक्कलकुव्यात ड्राय आइस पोहोचेपर्यंत निम्मा उडालेला असतो. आणि खरी अडचण वेगळी आहे. दिसेल त्या रेघेला ‘हा आकाशातून आलेला म्युऑन’ (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) म्हणतात, ते चूक आहे. आखूड, जाड रेघ बहुतेक वेळा खोलीतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या अल्फा कणाची. वेडीवाकडी बारीक रेघ इलेक्ट्रॉनची. म्युऑन बहुतांशी वरून येतात आणि संवेदनशील थर जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा, म्हणून त्यांच्या लांब रेघा कमीच. आधी फासे द्या. 600 वेळा टाकले तर सहा सरासरी 100 वेळा येतो, प्रमाण विचलन, म्हणजे नेहमीचा चढउतार किंवा ‘सिग्मा’, सुमारे 9. 110 आले तर काही सिद्ध होत नाही. 146 आले, म्हणजे सरासरीहून पाच सिग्मा जास्त, तर फाशात खोट आहे. 4 जुलै 2012 ला हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली ती या पाच सिग्माच्या कसोटीवर.

तापीकाठ: रेघांबद्दल मान्य, तिन्ही प्रकारांचा तक्ता टाकीशेजारी लावलाच पाहिजे. पण आठवीच्या मुलाला सिग्मा आधी का? मोजायचं कशासाठी, हे रेघ पाहिल्यावरच कळतं. प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घ्या, मे महिन्यात नको. ड्राय आइस थर्माकोलच्या खोक्यात आणा, झाकण घट्ट करू नका, गॅस कोंडून खोकं फुटतं. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

अमळनेरची वाचक: पुढाऱ्यांना हे कसं समजवायचं, याचा दोघांनीही विचार केलेला नाही. तमिळनाडूतल्या थेनीच्या, डोंगरात बोगदा खोदून बांधायच्या न्यूट्रिनो (पदार्थातून जवळपास न अडता जाणारा कण) वेधशाळेला जानेवारी 2015 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, तरी काम अडलं. लोक विचारत होते बोगद्याचे स्फोट, धरणं आणि पाणी. न्यूट्रिनो निरुपद्रवी आहे, हे त्या प्रश्नांचं उत्तर नव्हे. जिल्हा परिषद सदस्यासमोर टाकी नको, फासेही नकोत. पहिल्या पानावर लिहा: दगड किती निघणार, कुठे टाकणार, पाणी रोज किती लागणार, कोणत्या गावाच्या वाट्याचं.

सातपुड्याचा: ताई, हे पटलं. पण त्या पानावरचा प्रत्येक आकडा कमी-जास्त किती होऊ शकतो तेही लिहा. नुसता एकच आकडा दिला आणि तो चुकला, तर गाव पुढचं काही ऐकणार नाही.